ब्राउझर बदलायला किती खर्च येतो? पेडणे-डिचोलीच्या वाचकांसाठी हिशेब

आधी उत्तर. क्रोम किंवा एज सोडून फायरफॉक्ससारख्या मुक्तस्रोत ब्राउझरवर यायचं असेल, तर सॉफ्टवेअरला शून्य रुपये लागतात, डेटाला फार तर दीड-दोन रुपये आणि तुमची एक संध्याकाळ. यापेक्षा जास्त पैसे कुणी मागितले, तर ते ब्राउझरचे नसून दुसऱ्या कशाचे तरी आहेत. ते कशाचे, हे विचारून घ्या.

ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण वेबसाइट उघडतो ते अ‍ॅप. वीजबिल भरणं, गोवा ऑनलाइनवर दाखल्याचा अर्ज, जमिनीचा एक-चौदाचा उतारा पाहणं, बँक, मुलांचे निकाल, सगळं त्यातूनच होतं. बहुतेकांनी तो निवडलेला नसतो. फोनबरोबर क्रोम आला आणि लॅपटॉपबरोबर एज, म्हणून तेच चालू राहिलं. चालू आहे ते बदलावं का आणि बदलायचं तर काय सांभाळावं, त्याचा हा हिशेब.

मुक्तस्रोत म्हणजे काय, आणि फायरफॉक्सच का

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड सर्वांना वाचायला, तपासायला, बदलायला खुला असतो, ते मुक्तस्रोत. १९९८ साली नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा कोड खुला केला. त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली. गोव्याला ही कल्पना नवीन नाही. या शतकाच्या सुरुवातीला गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टने परदेशातले वापरलेले संगणक इथल्या शाळांत आणले होते आणि त्यांवर लिनक्स चालवलं होतं. परवान्याचे पैसे न भरता जुनं यंत्र कामाला लावायचं, हाच त्यामागचा व्यवहार होता.

क्रोम आणि एज दोन्ही क्रोमियम नावाच्या खुल्या कोडवर उभे आहेत. पण तुमच्या यंत्रावर येणाऱ्या क्रोममध्ये आणि एजमध्ये त्या त्या कंपनीचे खुले नसलेले भागही असतात. ब्रेव्ह हा मुक्तस्रोत असला तरी त्याचा पाया क्रोमियमचाच आहे. देशी हवा असेल तर झोहोचा उला आहे. केंद्र सरकारच्या भारतीय ब्राउझर स्पर्धेत २०२५ मध्ये त्याला एक कोटीचं पहिलं बक्षीस मिळालं, पण तोही क्रोमियमवरचाच. फायरफॉक्सचं इंजिन वेगळं आहे, त्याला गेको म्हणतात. पुढची माहिती फायरफॉक्सची असली, तरी जपून करायच्या बहुतेक गोष्टी कुठल्याही ब्राउझरला लागू पडतात.

खर्चाचा हिशेब

• *सॉफ्टवेअर:* ०. घरी वापरा, दुकानात वापरा, दहा यंत्रांवर टाका. परवाना शुल्क नाही. नूतनीकरण नाही, ‘प्रो’ आवृत्ती नाही.

• *डेटा:* जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओचा २८ दिवसांचा, रोज दीड जीबीचा प्लॅन २९९ रुपयांना झाला. म्हणजे ४२ जीबीला २९९, एका जीबीला साधारण ७ रुपये १२ पैसे. डाउनलोड सढळ हाताने १०० एमबी धरलं तरी ७१ पैसे. फोन आणि लॅपटॉप मिळून दीड रुपया. दर चार आठवड्यांनी नवी आवृत्ती येते, तिचे थोडे पैसे वर धरा. घरी ब्रॉडबँड असेल तर हेही लागत नाहीत.

• *बसवण्याची मजुरी:* स्वतः केल्यास ०. कॉम्प्युटरवाल्याला घरी बोलावलंत तर त्याच्या खेपेचे पैसे द्यावेच लागतील. पण पावतीवर ‘ब्राउझर लायसन्स’ किंवा ‘फायरफॉक्स अ‍ॅक्टिव्हेशन’ असं काही दिसलं तर ते देऊ नका. असं काही नसतंच.

• *खातं आणि सिंक (एका यंत्रावरचं दुसऱ्यावर आपोआप आणणं):* ०. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन हे अ‍ॅड-ऑनही (ब्राउझरला लावायची छोटी जोड) फुकट. त्याचा कर्ता देणगीसुद्धा घेत नाही.

• *तुमचा वेळ:* पासवर्ड नीटनेटके असतील तर तासाभरात होतं. वहीत, कॅलेंडरवर आणि डोक्यात विखुरलेले असतील तर पूर्ण संध्याकाळ. खरा खर्च हाच.

फुकट आहे, मग त्यांचं पोट कशावर चालतं?

रास्त प्रश्न. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा गूगलकडून येतो. फायरफॉक्समध्ये आपोआप लागलेलं सर्च गूगलचं असतं, त्याचा तो मोबदला. शिवाय नव्या टॅबवर काही प्रायोजित चौकोन दिसतात. दोन्ही बदलता येतात: सेटिंग्जमध्ये ‘सर्च’खाली दुसरं सर्च निवडा आणि ‘होम’खाली प्रायोजित गोष्टींवरची खूण काढा. फेब्रुवारी २०२५ मध्ये मोझिलाने वापराच्या अटी आणल्या, त्यांतल्या शब्दांवर टीका झाली आणि शब्द बदलावे लागले. तेव्हा ही मंडळी देवमाणसं आहेत असं समजायचं कारण नाही. फरक इतकाच, की कोड उघडा असल्याने आत काय चाललं आहे ते जाणकारांना तपासता येतं आणि आरडाओरडा करता येतो.

देणगीचं पान दिसलं तर ती ऐच्छिक आहे. मोझिला फाउंडेशनला दिलेली देणगी त्या संस्थेच्या जनजागृतीच्या कामाला जाते, फायरफॉक्सच्या बांधणीला नाही.

कुठून घ्यायचा

फोनवर प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरमधून, बनवणाऱ्याचं नाव ‘मोझिला’ आहे हे पाहून. लॅपटॉपवर अ‍ॅड्रेस बारमध्ये स्वतः ‘फायरफॉक्स डॉट कॉम’ टाइप करून. सर्चमध्ये शोधाल तर वरच्या एक-दोन ओळी जाहिरातींच्या असू शकतात, आणि नकली डाउनलोड बहुतेक वेळा तिथूनच गळ्यात पडतं.

फायरफॉक्सचा ग्राहकसेवा फोन नंबर नसतो, हेही लक्षात ठेवा. ‘तुमचा ब्राउझर बंद पडला आहे, या नंबरवर फोन करा’ असं पडद्यावर आलं, भोंगा वाजू लागला, तरी फोन करू नका. टॅब बंद करा, तो बंद होत नसेल तर यंत्रच बंद करा. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवा.

जुन्यातलं नव्यात कसं आणायचं

पहिला नियम: जुना ब्राउझर काढून टाकू नका. महिनाभर दोन्ही ठेवा.

बुकमार्क आणि हिस्टरी आणणं सोपं आहे. लॅपटॉपवर फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’खाली ‘इम्पोर्ट ब्राउझर डेटा’ आहे, तिथे क्रोम किंवा एज निवडायचा. पासवर्ड थेट आले तर उत्तम. नाही आले तर क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमधून ते फाइलमध्ये उतरवून घ्यावे लागतात. ही फाइल सीएसव्ही प्रकारची असते. मग फायरफॉक्सच्या ‘पासवर्ड्स’ पानावर तीन टिंबांच्या मेनूतून ती आत घ्यायची.

इथे जरा थांबा. त्या फाइलमध्ये तुमचे सगळे पासवर्ड साध्या अक्षरांत असतात. ती एक्सेलमध्ये उघडली तर एका रकान्यात साइट, दुसऱ्यात तुमचं नाव, तिसऱ्यात पासवर्ड, कुलूप काही नाही. म्हणून हे काम सायबर कॅफेत, ऑफिसच्या यंत्रावर किंवा दुरुस्तीला आलेल्या माणसासमोर करायचं नाही. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलासुद्धा पाठवायची नाही. पासवर्ड आत आले की डाउनलोड्समधून फाइल काढा आणि रिसायकल बिनही रिकामी करा. पासकी (पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने किंवा पिनने आत जायची सोय) वापरत असाल तर ती या फाइलमधून येत नाही, ती त्या त्या साइटवर नव्याने करावी लागते.

फोनवर वेगळं काही करायला नको. लॅपटॉप आणि फोन दोन्हींत एकाच मोझिला खात्याने आत गेलात की सिंकने पासवर्ड फोनवर येतात. हा साठा तुमच्याच यंत्रावर कुलूपबंद होऊन वर जातो, मोझिलालाही तो वाचता येत नाही. त्याची दुसरी बाजू अशी, की खात्याचा पासवर्ड विसरून तो नव्याने केलात, तर सर्व्हरवरचा साठा पुसला जातो. म्हणून पहिल्याच दिवशी ‘अकाउंट रिकव्हरी की’ काढून कागदावर लिहा आणि घराच्या कागदपत्रांत ठेवा.

लॅपटॉप घरातल्या चौघांच्या हाती असेल तर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’ लावा. नाहीतर तुमची बँक उघडायला फक्त तुमची खुर्ची रिकामी असणं पुरेसं आहे.

पहिल्या दिवशी लावायच्या चार गोष्टी

*मराठी.* सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीतून मराठी निवडा, मेनू मराठीत येतात. अधूनमधून एखादी ओळ इंग्रजीत दिसेल. हे भाषांतर स्वयंसेवक करतात. तिथेच ‘फॉन्ट्स’मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ उघडून लिपी देवनागरी निवडली, की मराठी अक्षरांचा आकार वेगळा वाढवता येतो. चष्मा लावूनही मराठी वर्तमानपत्राची साइट वाचता न येणाऱ्या घरातल्या ज्येष्ठांसाठी एवढं एक काम केलंत तरी ब्राउझर बदलल्याचं चीज होईल.

*पाठलागाला आळा.* एका साइटवर मिक्सर पाहिला की चार दिवस सगळीकडे मिक्सरच दिसतो, तो कुकीजमुळे, म्हणजे साइट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवतात त्या खुणांमुळे. फायरफॉक्स सप्टेंबर २०१९ पासून माहितीतले पाठलाग करणारे आपोआप अडवतो, आणि जून २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज त्या साइटपुरत्याच बंदिस्त ठेवतो. ‘स्टँडर्ड’ पातळी बहुतेकांना पुरते.

*जाहिराती.* यूब्लॉक ओरिजिन टाका. क्रोमने अ‍ॅड-ऑनचे नियम बदलल्यावर तिथे त्याची मूळ आवृत्ती चालेनाशी झाली, फायरफॉक्समध्ये चालते. अँड्रॉइडच्या फायरफॉक्समध्येही चालते. रोजचा दीड जीबी दुपारीच संपत असेल, तर फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅपनुसार डेटाचा खप पाहा. एक आठवडा जुन्या ब्राउझरवर, एक आठवडा यावर. बचत किती झाली ते दुसऱ्या कुणी सांगायला नको. आयफोनवर मात्र हे अ‍ॅड-ऑन चालत नाही, कारण तिथल्या फायरफॉक्सच्या आत अ‍ॅपलचंच इंजिन असतं. आयफोनवाल्यांना बदलून फायदा कमी.

*वीज गेली तर.* जून-जुलैत ती जाणारच. ‘जनरल’मध्ये ‘ओपन प्रीव्हियस विंडोज अँड टॅब्ज’ला खूण करा. यंत्र पुन्हा सुरू झालं की टॅब जागेवर येतात. अर्धवट भरलेला सरकारी अर्ज मात्र परत येईलच असं नाही. लांब अर्ज आधी वहीत किंवा वर्डमध्ये लिहून ठेवा.

कामाला येणाऱ्या सोयी

*कंटेनर.* मांद्रे, मोरजी, हरमल भागात घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देणारे पुष्कळ आहेत. एकाच लॅपटॉपवर घरचा जीमेल, धंद्याचा जीमेल, बुकिंगच्या दोन-तीन साइट आणि परदेशी पाहुणा आला की २४ तासांत करायची ऑनलाइन नोंद, जिला सगळे अजून ‘फॉर्म सी’ म्हणतात. एकातून बाहेर पडा, दुसऱ्यात आत जा, आणि घाईत पाहुण्याच्या पासपोर्टची प्रत घरच्या मेलवरून भलत्यालाच जायची.

मोझिलाचं ‘मल्टी-अकाउंट कंटेनर्स’ हे मोफत अ‍ॅड-ऑन लॅपटॉपवर टाका. प्रत्येक टॅबला रंगाची पट्टी मिळते. नारिंगी पट्टीच्या टॅबमध्ये धंद्याचा जीमेल, निळ्या पट्टीच्या टॅबमध्ये घरचा. दोन्ही एकाच वेळी उघडे, एकमेकांना पत्ता नाही. बुकिंगची साइट एकदा नारिंगीला बांधली की कुठूनही उघडली तरी त्याच रंगात उघडते. बँकेसाठी हिरवा ठेवा आणि त्यात बँकेशिवाय काही उघडू नका. हे फोनवर मिळत नाही. आणि घरातल्या दुसऱ्या माणसासाठी कंटेनर नको, वेगळं प्रोफाइल करा.

*पीडीएफ.* अर्जाचा नमुना पीडीएफमध्ये असतो. तो छापायचा, पेनने भरायचा, स्कॅन करायचा, पुन्हा चढवायचा. त्यातली झेरॉक्सच्या दुकानातली एक खेप वाचते. पीडीएफ फायरफॉक्समध्ये उघडली की वर उजवीकडे मजकूर लिहिण्याचं आणि रेघ काढण्याचं बटण दिसतं. रकान्यावर क्लिक करून लिहा आणि सेव्ह करा. देवनागरीत लिहिलंत तर सेव्ह केलेली फाइल पुन्हा उघडून अक्षरं शाबूत आहेत ना, ते पाहा. अर्जावर शाईचीच सही हवी असेल तर छापणं टळत नाही. आणि मामलेदार कार्यालयाकडून आलेल्या डिजिटल सहीच्या दाखल्यावर काहीही लिहू नका. तपासणाऱ्याला ‘सहीनंतर बदल झाला’ असं दिसू शकतं.

*भाषांतर.* फायरफॉक्स पानाचं भाषांतर आपल्या यंत्रावरच करतो. मजकूर बाहेर कुठे पाठवला जात नाही. ही सोय सप्टेंबर २०२३ मध्ये आली तेव्हापासून तिच्यात पोर्तुगीज आहे. आजोबांची जन्मनोंद पोर्तुगालमध्ये करायच्या खटपटीत असलेल्या घरांना पोर्तुगीज सरकारी पानं इंग्रजीत वाचायला ती उपयोगी पडते. शुल्क, मुदत, लागणारे कागद काय आहेत ते आधी स्वतः वाचा, मग एजंटाशी बोला. कायदेशीर कागदाचं भाषांतर मात्र मान्यताप्राप्त माणसाकडूनच करून घ्यायचं.

जुना ब्राउझर कुठे लागेल

डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनी सावध राहावं. जीएसटी पोर्टलवर टोकनने सही करताना एमसाइनर नावाचा प्रोग्राम तुमच्याच यंत्रावर चालतो आणि ब्राउझर त्याच्याशी बोलतो. फायरफॉक्स सुरक्षा प्रमाणपत्रांची यादी स्वतःची ठेवतो, त्यामुळे क्रोममध्ये चालणारी सही इथे अडू शकते. ते सोडवता येतं, पण रिटर्नच्या शेवटच्या तारखेला नव्हे. कंपनी आणि एलएलपीला टोकन सक्तीचं आहे. एकट्या मालकीच्या दुकानदाराला ओटीपीवर काम भागवता येतं. त्यामुळे पेडण्याच्या किंवा साखळीच्या बाजारातल्या छोट्या दुकानदाराला याची झळ सहसा बसू नये. टेंडर भरणारे, खाण आणि वाहतुकीच्या कंपन्यांचे हिशेबनीस यांनी टोकनचं काम जुन्याच ब्राउझरवर ठेवावं. बोटाचा ठसा घेणारं यंत्र चालवणाऱ्या सेवा केंद्रांनाही हेच लागू.

बँकेची साइट अर्ध्यावर अडली तर अ‍ॅड्रेस बारमधलं ढालीचं चिन्ह दाबा आणि त्या साइटपुरतं संरक्षण बंद करा. तरीही नाही, तर यूब्लॉकही त्या साइटपुरतं बंद करा. दोन्ही करून अडलं, तर ते काम जुन्यावर करून मोकळे व्हा.

जुनं यंत्र असेल तर

विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. फायरफॉक्स त्यावर चालतो आणि अद्ययावत होतो. विंडोज ७ वर क्रोम १०९ व्या आवृत्तीत थांबला. फायरफॉक्सने ११५ ईएसआर या दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या शाखेतून सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यानंतरही चालू ठेवल्या. पण ब्राउझर ताजा असून खालची विंडोज शिळी असेल, तर त्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत. नवा लॅपटॉप घेण्याआधी लिनक्स मिंट टाकून पाहता येतं. ते फुकट आहे आणि त्यात फायरफॉक्स आधीपासूनच असतो. मात्र लिनक्स टाकताना डिस्क पुसली जाऊ शकते. फोटो आणि हिशेब आधी पेन ड्राइव्हवर घ्या.

कोणी बदलावं, कोणी थांबावं

अँड्रॉइड फोन आहे आणि रोजचा डेटा पुरत नाही: आज बदला. फक्त यूब्लॉक टाकलंत तरी पुरे. घरून पाहुण्यांचा किंवा ऑनलाइन विक्रीचा धंदा करता: लॅपटॉपवर बदला, कंटेनर लावा. घरात ज्येष्ठ आहेत: अक्षरं मोठी करून, जाहिराती बंद करून द्या, पासवर्ड त्यांच्यासमोर बसून आणा. फक्त आयफोन आहे: घाई नको. टोकनने सही करता: दोन्ही ठेवा.

पासवर्ड आणायचं काम रविवारी निवांत करा, महिन्याच्या २० तारखेला करू नका. त्या दिवशी दुकानदारांची जीएसटीची धावपळ असते. महिना झाला की जुना ब्राउझर किती वेळा आणि कशासाठी उघडावा लागला ते आठवून पाहा. एखाद्या सरकारी साइटसाठीच लागला असेल, तर तो त्या कामापुरता राहू द्या आणि त्यात साठवलेले पासवर्ड पुसून टाका. दोन ठिकाणी पासवर्ड ठेवले की दोन ठिकाणी जपावे लागतात.